देवबाळाची हाडं

१

प्रेत आलं की आधी कुत्र्यांना पाणी पाजायचं. तहानलेलं कुत्रं घाईत खातं, आणि घाईत खाणारं कुत्रं हाड फोडतं. हाड फुटलं की मेलेल्याचे नातेवाईक माझ्या दारात येऊन बोंबलतात. म्हणून पाणी आधी. ही अक्कल मला कोणी शिकवली नाही. नवरा लवकर गेला, सासू आंधळी होती. जे काही शिकले ते कुत्र्यांकडून शिकले, आणि माणसांपेक्षा ती बरी गुरू आहेत.

समरकंदच्या तटाबाहेर, कालव्याच्या पलीकडे आमची वस्ती. शहराने मरायचं आणि आम्ही आवरायचं. उंच भिंतींचं एक आवार, त्यात कुत्री. मांस त्यांनी खायचं. हाडं मी वेचायची, धुवायची, उन्हात वाळवायची आणि मातीच्या पेटीत भरून घरच्यांच्या हवाली करायची. मेलेलं मांस मातीत गेलं तर माती विटाळते, आगीत गेलं तर आग विटाळते. कुत्र्याच्या पोटात गेलं की कोणालाच विटाळ नाही. फक्त आम्हाला. वेशीच्या आत पाऊल टाकायची आम्हाला बंदी. टाकलं तर राजाचे पहारेकरी टाचा फोडतात. माझ्या दिराच्या फोडल्या होत्या. पुढे त्यातलाच एक पहारेकरी मेला आणि त्याच्या टाचा माझ्या टोपलीत आल्या. मी त्या नीट धुऊन पेटीत ठेवल्या. मला सूड घेता येत नाही असं नाही, पण काम म्हणजे काम.

कुत्र्यांची म्होरकी कानतुटी. एक कान पिल्लू असतानाच भांडणात गेलेला. पोट आधी तीच फाडणार, बाकीच्यांनी तोवर बसून राहायचं. तिच्या जबड्यात मी माणसाची मांडी एका झटक्यात सांध्यातून निखळताना पाहिली आहे, आणि त्याच जबड्यात डोळे न उघडलेली पिल्लं उन्हातून सावलीत जातानाही पाहिली आहेत.

माझी नात शायन भिंतीवर बसून हे सगळं बघायची, पाय हलवत, जर्दाळू खात. तिची आई तिला जन्म देतानाच गेली. बाप म्हणजे माझा मुलगा वाखुश. भला माणूस, पण शब्द तोंडातून बाहेर यायला त्याला अर्धा दिवस लागायचा. पोरीला मीच वाढवली. गेल्या वर्षी ती तुतीच्या झाडावरून पडली आणि हाताचं हाड मोडलं. चिनाराच्या कामट्या बांधून मीच बसवलं. कार्टी एक दिवस स्वस्थ बसली नाही, म्हणून हाड जरा वाकडं जुळलं, मनगटाच्या वर सुपारीएवढी गाठ राहिली. त्या गाठीवरून मी रोज बोट फिरवायची. स्वतःच्या हातचं काम माणूस विसरत नाही.

२

सातव्या महिन्यात शहरच वेशीबाहेर येतं. देवबाळ मेलं ते या महिन्यात, आणि त्याची हाडं हरवली. कोणी हरवली ते विचारायचं नाही. काळे कपडे घालायचे, अनवाणी चालायचं, छाती बडवायची, सुऱ्यांनी गाल कापायचे, आणि खरबुजांच्या मळ्यांतून, द्राक्षांच्या मांडवांखालून, कालव्याच्या काठाने देवाची हाडं शोधत फिरायचं. या दिवसांत शहर आमच्याकडे प्रेतं पाठवत नाही. कुत्री उपाशी राहतात आणि रडतात. लोकांना वाटतं तीही शोक करताहेत.

सापडलेलं हाड माझ्यापुढे येतं. मी सांगायचं: शेळी, मेंढी, कोल्हा. मग देवळाचा पुजारी फर्नखुंद ते हाड स्वतःच्या हाताने भिंतीवरून कुत्र्यांना टाकतो आणि लोक आणखी मोठ्याने रडतात. शेवटच्या दिवशी सगळे आंघोळ करतात, दारू पितात, घरी जातात. देव सापडला नाही म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा शोधता येतो. असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

"ए हाडवाली," त्या दिवशी रांगेतला खाटीक म्हणाला, "यंदा तरी देव काढ की!"

"काढते. आधी तुझी सासू आण. तिच्या जबड्यापुढे देव काय चीज आहे!"

गाल कापलेले लोकही हसले. फर्नखुंदही हसला. रागीट नव्हता तो. पोट सुटलेला, दमेकरी, पाय सुजलेला माणूस.

मग एका माळ्याने ओंजळीतून हाड आणलं. पोराच्या हाताचं. पांढरं, स्वच्छ, जणू मीच धुऊन वाळवलेलं. मनगटाच्या वर सुपारीएवढी गाठ, आणि वळण डावीकडे.

मी त्या गाठीवर बोट ठेवलं. बोटाला ती ओळखीची होती.

मान वळवून पाहिलं. शायन भिंतीच्या सावलीत बसून खरबूज खात होती, त्याच हाताने. फोड तोंडाकडे जात होती, रस कोपरावरून गळत होता.

"काय आहे, चतीस?" फर्नखुंदने विचारलं.

मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या पोराचा हात मोडला असेल. दुसऱ्या कुठल्या म्हातारीने वाकडा बसवला असेल. जगात म्हाताऱ्या काय कमी आहेत? पण पोराचं म्हटलं असतं तर हे लोक देव देव करत नाचले असते.

"शेळी," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला. मी हाड सोडेना.

"धुते जरा. चिखल आहे."

"शेळीचं हाड धुणार? म्हातारी झालीस गं तू," असं म्हणून त्याने ते माझ्या मुठीतून ओढून घेतलं आणि भिंतीवरून आत फेकलं.

३

कुत्र्याने हाड फोडल्याचा आवाज मला झोपेतही कळतो. आधी दात घसरतात, मग बसतात, मग कट्.

कट् झालं आणि शायन किंचाळली.

आजूबाजूला शेकडो लोक ऊर बडवत होते, बायका केस उपटत होत्या. त्यात एका पोरीची किंकाळी कोणाला वेगळी ऐकू येणार? मला आली. मी वळले तेव्हा तिचा हात जिथे सांधा नाही तिथे दुमडला होता. कातडीवर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. भिंतीपलीकडे पुन्हा आवाज झाला, आणि हात आणखी एका जागी दुमडला.

मी भिंत चढले, फाटकाकडे वळसा घालायला वेळ नव्हता. कशी ते विचारू नका, या गुडघ्यांनी चढले. आत उडी टाकली ती कुत्र्यांच्या अंगावर. त्यांतल्या दोघा-तिघांनी मला फाडलं, खांद्याचा लचका तोडला. मी कानतुटीच्या जबड्यात दोन्ही हात घातले आणि तिच्या तोंडावर डोकं आपटत राहिले. हाती आला तो लाळेने भिजलेला भुगा. भिंतीपलीकडे शायन अजून ओरडत होती. कुत्रं थांबलं तेव्हा पोर थांबली.

तिचा हात मी मांडीवर घेतला. आत ओली वाळू भरल्यासारखं लागत होतं.

४

"विंचू असेल, आई," वाखुश म्हणाला. "सूज आलीय."

"सूज? हे बघ." मी तिचा हात उचलला. तो माझ्या बोटांवरून दोरीसारखा लोंबला. वाखुशने तो दोन्ही हातांवर घेतला आणि पोरीच्या उशाशी बसला.

मी मनाला चार गोष्टी सांगितल्या. ताप. जादू. माझं वय. मी खुळी झाले असेन तर बरंच, असंही वाटलं, कारण खुळ्या म्हातारीला सांभाळायला घरात माणूस होता.

सकाळी शायन शांत होती. फार शांत. म्हणाली, "आजी, माझा पाय ओला आहे."

पांघरूण काढलं. पाय कोरडा, गरम.

"ओला कुठे गं?"

"आतून. पाणी वाहतंय त्याच्यावरून. शेवाळ आहे. आणि काहीतरी बारीक बारीक टोचा मारतंय."

कालव्याच्या झडपेपाशी शेवाळ आहे. मी गेले. गुडघाभर पाण्यात हात घातला, दगडांत चाचपडले, तर शेवाळाखाली मांडीचं हाड. छोट्या छोट्या मासोळ्या त्याला तोंड लावत होत्या. मी ते वर काढलं आणि नखाने जरासं दाबलं. कोणाला न सांगता, एकदाच.

घरी आले तर दारातच वाखुश उभा, तोंड राखेसारखं. "आई, मगाशी ती एकदम म्हणाली, आजी चिमटा काढू नकोस."

त्यानंतर मी शंका घेतली नाही. शंका ही निवांत बसणाऱ्यांची गोष्ट आहे.

टोपलीत लोकर अंथरून हाड त्यात ठेवलं. शायन म्हणाली, "आता ऊब आली." मग विचारायला लागलो, पोरी, आणखी कुठे काय लागतंय? ती डोळे मिटून सांगायची. पाठीला मुळं रुततात, गोड वास येतो: खरबुजाचा मळा. बरगडीवरून मुंग्या चालतात, वर पानं वाजतात: द्राक्षांचा मांडव. आम्ही काळे कपडे घातले, अनवाणी निघालो, इतरांसारखी छाती बडवली. त्या एवढ्या गर्दीत खरं शोधणारी माणसं आम्ही दोघंच.

आणि हाडं मिळत गेली. तीच मला भीती होती. एखादं तरी मिळू नये, म्हणजे हे सगळं खोटं, असं वाटायचं. आणि एखादं मिळालं नाही तर, म्हणून तीच जागा दोनदा-तीनदा उकरायची.

५

कुंभाराची विधवा मिवनाय. तिला तुतीच्या झाडाखाली दुसऱ्या पायाचं हाड सापडलं, मी हातभर दूर असताना.

"दे इकडे," मी म्हटलं. "मेंढीचं आहे."

"तू पाहिलंस तरी का? मी पुजारीबाबांना दाखवते."

"बाई, त्यांना मीच सांगते ना काय कशाचं ते? दे."

"मग काल मांडवाखालून काय उचललंस? पदराखाली लपवलंस ते? मी बघितलं." तिच्या गालांवर ताजे काप होते, त्यांतून रक्त हनुवटीपर्यंत आलेलं. "मेंढीचं हाड कोणी पदराखाली नेतं का? तुला देव सापडलाय. तुला एकटीला हवाय तो."

"तुझी पोरं किती?"

"मेली सगळी. तुझ्याच कुत्र्यांनी खाल्ली."

मी तिला काठीने मारलं. आधी मनगटावर, हाड सुटावं म्हणून. सुटलं नाही, तिने ते उराशी धरलं. मग तोंडावर. दात पडले, तरी सोडेना. मी तिच्या छातीवर गुडघा दिला आणि तिची बोटं एकेक करून उलटी मोडली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. हाड घेतलं, त्याला तडा गेला नाही ना ते पाहिलं आणि पळाले.

मागून ती रक्ताच्या तोंडाने ओरडत राहिली, "हाडवालीने देव चोरला! देवबाळ तिच्या घरात आहे!"

मळ्यामळ्यांतून माणसं उभी राहिली. वाकलेली असताना ती किती होती ते कळलंच नव्हतं.

६

वाखुश खरबुजाच्या मळ्यातून येत होता, खांद्यावर पोतं. पोत्यात पाठीचा कणा. लोकांनी त्याला आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर गाठलं. आधी ढेकळं मारली, मग दगड. त्याने हात वर करून पोतं गरगर फिरवलं आणि भिंतीवरून माझ्या अंगणात फेकलं. ते मी वरच्यावर झेललं. जमिनीवर आपटू दिलं नाही.

त्याला मात्र मी झेलू शकले नाही. गाल कापायच्या सुऱ्या असतात ना, बोटभर, पातळ; त्या दिवशी त्यांना दुसरं काम मिळालं. मी फाटकाच्या फटीतून बघत होते. एवढ्या बारीक सुऱ्यांनी माणूस मारायला फार वेळ लागतो. तो एकदाही ओरडला नाही. घरात पोर आहे, ती घाबरेल, हे त्याच्या डोक्यात असणार. शब्द त्याच्या तोंडातून उशिरा यायचे. शेवटचा तर आलाच नाही.

मी आत गेले. टोपलीत कणा ठेवला. आता सगळं होतं. डोकं नव्हतं.

"शायन, डोकं कुठे गं?"

तिने डोळे उघडे ठेवूनच सांगितलं, "अंधार आहे. मला कशात तरी गुंडाळलंय. मऊ आहे, गार आहे. धुपाचा वास येतोय." मग म्हणाली, "आजी, मी चालतेय. कोणाच्या तरी हातात मी चालतेय."

फाटकावर थाप पडली. मी उघडलं.

फर्नखुंद पुढे उभा होता, हातात पांढऱ्या रेशमाचं गाठोडं. मागे सगळं शहर, काळं, रक्ताळलेलं, गप्प. दोघांनी डोक्यावर मातीची पेटी धरली होती, नवी, फुलं कोरलेली. एकाकडे मळलेल्या मातीची पाटी.

"चतीस, देव पुरा झाला पाहिजे," तो म्हणाला. "उरलेली हाडं दे."

"देऊन काय करणार?"

"पेटीत ठेवू. झाकण लावू. मातीने लिंपू."

"ते मूल जिवंत आहे, फर्नखुंद. माझी नात आहे. आत झोपलीय. ये, बघ ये."

"देव जिवंतच असतो, बाई."

"दरवर्षी सापडत नव्हता तेच बरं होतं ना रे?"

त्याने गाठोडं छातीशी धरलं. मला वाटतं, त्यालाही रडू येत होतं. "मलाही तेच बरं वाटत होतं. पण आता सापडलाय. या सगळ्यांनी पाहिलाय. आता यांना घरी पाठवू तरी कसं? नाही म्हटलं तर हे मलाच कापतील." मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, तू दिलं नाहीस तर मी डोकं तेवढं लिंपतो. आत्ता. इथेच."

त्याने रेशमाचं एक टोक वर केलं. आतून शायनचा आवाज आला, "उजेड आला, आजी." मग पाटीवाल्याने मातीचा गोळा उचलला, आणि शायन खोकायला लागली. ओल्या मातीचा वास येतोय म्हणाली. श्वास पुरेना म्हणाली.

कुत्र्यांचं फाटक आमच्या अंगणातूनच उघडतं. अडसर लाकडी आहे. तो मी उचलला.

७

उपाशी कुत्री कशी सुटतात ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही, आणि त्यांतले फारसे उरलेही नाहीत. कुत्र्यांना जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती: पडलेलं माणूस आपलं. त्या दिवशी माणसं पळताना पडली. पाटीवाला पेटीखाली पडला. मिवनाय पळालीच नाही, कुत्री पोचेपर्यंत तिथेच उभी राहून रडत राहिली. फर्नखुंदच्या सुजलेल्या पायांनी त्याला चार पावलंही नेलं नाही. त्याने गाठोडं डोक्यावर उंच धरलं होतं, पाण्यात उतरलेला माणूस भाकरी धरतो तसं. कानतुटीने त्याचा गळा घेतला आणि गाठोडं खाली आलं.

आतून शायन एवढंच म्हणाली, "पडले." ओरडली नाही. लागलं नव्हतं; ती त्याच्याच पोटावर पडली असणार.

मग बराच वेळ फक्त खाण्याचा आवाज. ऊन कलायला लागलं. शहराच्या वेशी बंद झाल्या, ते इथवर ऐकू आलं. मी काठी घेऊन उठले, ते गाठोडं उचलायला. फाटकापर्यंत पोचले आणि कानतुटी आत आली.

रेशीम तिच्या मागे फरफटत होतं, लाल झालेलं. तोंडात काहीतरी गोल होतं. पांढरं. मी नीट पाहिलं नाही, पाहायचं नव्हतं. पण पुढचे दोन दात नसलेली जागा मला दिसली. शायनचे तेवढेच पडले होते.

"आजी," आतून आवाज आला, "हलू नकोस."

मी हलले नाही.

"दात आहेत. कानाच्या वर, दोन्हीकडून. हळूच धरलंय."

कानतुटी माझ्याकडे बघत अंगणाच्या मधोमध बसली. मी काठी खाली टाकली, तर त्या आवाजाने ती गुरगुरली, आणि घरात पोरीने दात आवळून श्वास घेतला. मी नाव घेऊन हाक मारली. शेपटी एकदा हलली, जबडा नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, शायन म्हणाली, "घट्ट झालं." मी पाऊल मागे घेतलं, घट्टच राहिलं.

मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत. राजापुढे नाही, देवीपुढे नाही. त्या कुत्रीपुढे जोडले. म्हटलं, सोड गं बाई माझी, तुझी पिल्लं मी अंगावर घेऊन जगवली आहेत. बाहेर हवं तेवढं पडलंय, जा, खा.

बाहेर बाकीची कुत्री पोटं फुगवून आडवी झाली होती. हिने मात्र गळा घेतल्याबरोबर हे उचललं होतं. कित्येक दिवसांची उपाशी, आणि तोंड अडकलेलं. एक घासही तिच्या पोटात गेला नव्हता. तिच्या बरगड्या वर-खाली होताना मला दिसत होत्या. डोळे माझ्यावरून हलले आणि दाराकडे गेले, जिथे पोरीची टोपली होती, लोकरीत नीट रचलेली.

तिने जबड्यातली पकड जराशी बदलली. दात घसरले, आणि बसले.

घरातून शायन बोलली, अगदी हळू, निजलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी.

"आजी, तिच्या तोंडाला पाणी सुटलंय."